हायड्रोजनची तीन समस्थानिकं: अणूच्या आतला फरक पायरीपायरीने

शाळेत समस्थानिकांचा धडा आला की पहिलं उदाहरण ठरलेलं असतं, हायड्रोजन. प्रोटॉन एक, इलेक्ट्रॉन एक, न्यूट्रॉन शून्य, एक किंवा दोन. पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. त्याच धड्यात पुढे एक ओळ येते: समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात. या ओळीला सगळ्यात मोठा तडा जातो तो नेमका हायड्रोजनपाशी, आणि हे मात्र बहुतेक वर्गांत सांगायचं राहून जातं.

कारण साधं आहे. कार्बन-१२ मध्ये एक न्यूट्रॉन वाढून कार्बन-१३ झालं, तर अणूचं वस्तुमान साधारण ८ टक्क्यांनी वाढतं. युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ यांच्यात तीन न्यूट्रॉनचा फरक आहे, तरी वस्तुमानात तो जेमतेम १.३ टक्के दिसतो. हायड्रोजनमध्ये एक न्यूट्रॉन आला की वस्तुमान दुप्पट, दुसरा आला की तिप्पट. इतकी मोठी उडी आवर्तसारणीत दुसरीकडे कुठेही नाही. या समस्थानिकांना प्रोटियम, ड्यूटेरियम, ट्रिटियम अशी स्वतंत्र नावं आणि शेवटच्या दोघांना डी, टी अशी स्वतंत्र चिन्हं मिळाली, ती काही उगाच नाही.

हा लेख नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. नुसता वाचून फार उपयोग होणार नाही. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि हे पाच आकडे वर कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचं बरंचसं गणित त्यांच्यावरच चालणार आहे.

प्रोटियमचा अणू: १.००७८२५ डाल्टन
ड्यूटेरियमचा अणू: २.०१४१०२ डाल्टन
ट्रिटियमचा अणू: ३.०१६०४९ डाल्टन
हेलियम-३ चा अणू: ३.०१६०२९ डाल्टन
सुटा न्यूट्रॉन: १.००८६६५ डाल्टन

डाल्टन हे अणूंचं वस्तुमान मोजायचं एकक. पहिले चार आकडे इलेक्ट्रॉनसकट अख्ख्या अणूचे आहेत, हे ध्यानात असू द्या. त्यामुळे पुढे बेरीज-वजाबाकी करताना इलेक्ट्रॉनचा हिशोब आपोआप जुळतो.

पायरी १: दोन अंक वाचायला शिका

कुठल्याही अणूची ओळख दोन अंकांत मावते. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या. अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या. दुसऱ्यातून पहिला वजा केला की न्यूट्रॉन मिळतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी ही वजाबाकी खरोखर लिहावी असा माझा आग्रह असतो, कारण पाठ केलेलं उत्तर परीक्षेत ऐन वेळी उलटसुलट होतं.

प्रोटियम: १ वजा १, न्यूट्रॉन शून्य.
ड्यूटेरियम: २ वजा १, न्यूट्रॉन एक.
ट्रिटियम: ३ वजा १, न्यूट्रॉन दोन.

अणुअंक तिघांचाही १, म्हणून आवर्तसारणीत घर एकच. अणू उदासीन असेल तर इलेक्ट्रॉनही एकच, तो के कवचात. म्हणजे इलेक्ट्रॉन संरूपण १, संयुजाही १. न्यूट्रॉन अजिबात नसलेलं स्थिर अणुकेंद्रक अख्ख्या निसर्गात फक्त प्रोटियमचं आहे. बाकी प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक स्थिर केंद्रकात निदान एक तरी न्यूट्रॉन सापडतोच.

पायरी २: चित्र काढा, पण प्रमाणाचं भान ठेवा

तीन वर्तुळं काढा. प्रत्येकाच्या मध्यभागी केंद्रक, आणि वर्तुळावर एक इलेक्ट्रॉन. पहिल्या केंद्रकात एक प्रोटॉन. दुसऱ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. तिसऱ्यात एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. आता महत्त्वाचं: तिन्ही बाहेरची वर्तुळं एकाच आकाराची हवीत. ट्रिटियम जड म्हणून त्याचं वर्तुळ मोठं काढलेली चित्रं वह्यांत सर्रास दिसतात. ती चूक आहे. अणूचा आकार ठरतो इलेक्ट्रॉन आणि केंद्रकाचा धनप्रभार यांच्या ओढीवर, आणि प्रभार तिघांचाही सारखाच आहे.

अशा चित्रात केंद्रक मात्र नाइलाजाने फुगवून काढावं लागतं. खरं प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर वानखेडेच्या खेळपट्टीवर मधोमध एक मोहरीचा दाणा ठेवला आहे असं समजा. तो प्रोटॉन असेल, तर इलेक्ट्रॉनचा वावर साधारण सीमारेषेपर्यंत. अधेमधे काहीही नाही.

केंद्रकांच्या आकारात एक गंमत दडलेली आहे. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर. (एका मीटरचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे फेम्टोमीटर.) ड्यूटेरियमच्या केंद्रकाची २.१३. मग ट्रिटियमची? तीन कण आहेत, म्हणजे आणखी मोठी असणार असं वाटतं. ती आहे सुमारे १.७६. दोन कणांचं केंद्रक तीन कणांच्या केंद्रकापेक्षा मोठं! हे असं का, ते पाचव्या पायरीवर आपोआप उलगडेल.

पायरी ३: आयन

इथे फार थांबायचं कारण नाही. अणूने इलेक्ट्रॉन गमावला की उरतं नुसतं केंद्रक: प्रोटियमच्या बाबतीत एकटा प्रोटॉन, ड्यूटेरियमच्या बाबतीत ड्यूटेरॉन, ट्रिटियमच्या बाबतीत ट्रायटॉन. उलट एक इलेक्ट्रॉन कमावला तर हायड्राइड आयन, त्यात दोन इलेक्ट्रॉन. आयन झाल्याने केंद्रकाला काहीही होत नाही, न्यूट्रॉनची संख्या तीच राहते. स्पर्धा परीक्षांत ‘ड्यूटेराइड आयनमधले प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन सांगा’ असा प्रश्न असतो. उत्तर: १, १, २.

पायरी ४: निसर्गात कोण किती

आवर्तसारणीत हायड्रोजनखाली १.००८ लिहिलेलं असतं. हा आकडा कुठल्याही एका समस्थानिकाचा नाही, तो सरासरी आहे. पडताळून पाहू. पृथ्वीवरच्या हायड्रोजनमध्ये प्रोटियम सुमारे ९९.९८८५ टक्के आणि ड्यूटेरियम ०.०११५ टक्के धरतात.

१.००७८२५ × ०.९९९८८५ आणि २.०१४१०२ × ०.०००११५ यांची बेरीज करा. उत्तर १.००७९४ च्या आसपास येईल. तीन दशांश स्थळांपर्यंत १.००८. ट्रिटियम या हिशोबात धरलेलंच नाही, कारण त्याचं नैसर्गिक प्रमाण इतकं नगण्य आहे की सरासरीच्या कुठल्याच दशांश स्थळावर त्याचा ओरखडाही उमटत नाही. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांच्या माऱ्याने नायट्रोजनसारख्या केंद्रकांतून ते सतत थोडं थोडं तयार होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. पाण्यातलं ट्रिटियम मोजायचं जे एकक आहे, तेच मुळी दहा लाख लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे एक ट्रिटियम अणू, असं आहे.

ड्यूटेरियमचं प्रमाण जागेनुसार थोडं बदलतं. समुद्राच्या पाण्यात ते दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सुमारे १५६ असतं. म्हणजे साधारण ६,४०० अणूंमागे एक. मग एक लिटर पाण्यात ड्यूटेरियम किती ग्रॅम? हे गणित करून बघण्यासारखं आहे. एक लिटर म्हणजे पाण्याचे सुमारे ५५.५ मोल, त्यात हायड्रोजनचे १११ मोल. त्याला ०.०००१५६ ने गुणा, ०.०१७३ मोल. त्याला २.०१४ ने गुणलं की आले ०.०३५ ग्रॅम, म्हणजे ३५ मिलिग्रॅम. पाण्याच्या प्रत्येक बाटलीत ते आहे.

पण हे ड्यूटेरियम जड पाण्याच्या, म्हणजे दोन्ही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याच्या रूपात नसतं. एका रेणूत दोन्ही जागी ड्यूटेरियम येण्याची शक्यता ६,४०० गुणिले ६,४०० मध्ये एक, म्हणजे चार कोटींहून जास्त रेणूंमागे एक. बाकी सगळं ड्यूटेरियम एक साधा आणि एक जड हायड्रोजन असलेल्या मिश्र रेणूंत असतं, म्हणजे एचडीओत. साधारण दर ३,२०० रेणूंमागे असा एक मिश्र रेणू. ‘साध्या पाण्यातून जड पाणी गाळून काढतात’ असं जे ढोबळपणे म्हटलं जातं, त्यात ही बाब साफ निसटते.

पायरी ५: तराजूवर न जुळणारं वजन

आता खरा ऐवज. ड्यूटेरियम म्हणजे प्रोटियमच्या अणूत एक न्यूट्रॉन घातलेला. मग वजनही तेवढंच यायला हवं:

१.००७८२५ + १.००८६६५ = २.०१६४९०

पण वरच्या कोपऱ्यात आपण २.०१४१०२ लिहिलं आहे. फरक ०.००२३८८ डाल्टन. एवढं वस्तुमान गेलं कुठे? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना बांधले गेले तेव्हा ते ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलं. एक डाल्टन म्हणजे ९३१.५ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. गुणाकार केला की २.२२ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. ही ड्यूटेरॉनची बंधन ऊर्जा: दोघांना पुन्हा वेगळं करायचं असेल, तर एवढी ऊर्जा खर्च करावी लागेल.

हायड्रोजन अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. केंद्रकातलं बंधन त्याच्या दीड लाखाहून जास्त पट. म्हणूनच रासायनिक क्रियेत केंद्रक जागचं हलत नाही.

तरीसुद्धा केंद्रकांच्या जगात २.२२ हा आकडा फारच किरकोळ आहे. प्रत्येक कणाच्या वाट्याला १.११ येतो. हेलियम-४ मध्ये हाच वाटा ७ च्या वर असतो. ट्रिटियमचा काढा:

१.००७८२५ + १.००८६६५ + १.००८६६५ = ३.०२५१५५
३.०२५१५५ − ३.०१६०४९ = ०.००९१०६
०.००९१०६ × ९३१.५ = ८.४८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट

प्रत्येक कणामागे २.८३. म्हणजे तिसरा कण आल्यावर बंधन अडीच पटीने घट्ट झालं. ड्यूटेरॉनमधले दोघे इतके सैल बांधलेले आहेत की बराचसा काळ ते एकमेकांपासून लांब असतात आणि म्हणून केंद्रक पसरट होतं. ट्रिटियममध्ये तिघे एकमेकांना जवळ ओढतात. दुसऱ्या पायरीवरचं कोडं इथे सुटलं.

आणखी एक विलक्षण गोष्ट. दोन प्रोटॉन एकत्र बांधून ठेवता येत नाहीत. दोन न्यूट्रॉनही नाहीत. दोन कणांचं टिकणारं केंद्रक एकच आणि ते म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची ही सैल जोडी. तीही फक्त दोघांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेला असेल तेव्हाच जमते.

पायरी ६: कोण टिकतं, कोण मोडतं

सुटा न्यूट्रॉन टिकाऊ नसतो. साधारण दहा मिनिटांच्या अर्धायुकालाने तो मोडतो आणि त्याचा प्रोटॉन होतो, सोबत एक इलेक्ट्रॉन आणि एक अँटिन्यूट्रिनो बाहेर पडतात. मग ड्यूटेरियममधला न्यूट्रॉन का मोडत नाही? आणि ट्रिटियममधला का मोडतो? ‘न्यूट्रॉन जास्त झाले म्हणून अस्थिर’ हे पुस्तकी उत्तर चुकीचं नाही, पण त्याने कुठल्याच विचारी मुलाचं समाधान होत नाही. तराजूनेच बघू. नियम एकच: अणू मोडून जे तयार होणार, त्याचं वजन मूळ अणूपेक्षा कमी भरलं तरच तो आपणहून मोडू शकतो.

ड्यूटेरियममधल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, तर हाती येतील दोन प्रोटॉन. ते बांधलेले राहत नाहीत, म्हणजे दोन सुटे प्रोटियम. वजन २ × १.००७८२५ = २.०१५६५०. मूळ वजन २.०१४१०२. उत्पादन जास्त जड! मोडायला ऊर्जा आणायची कुठून? म्हणून ड्यूटेरियम कायमचं स्थिर.

ट्रिटियममधल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला, तर दोन प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, म्हणजे हेलियम-३. वजन ३.०१६०२९. मूळ वजन ३.०१६०४९. उत्पादन हलकं, पण किती? ०.००००२ डाल्टनने. पाचव्या दशांश स्थळापर्यंत गेल्याशिवाय हा फरक दिसतसुद्धा नाही, आणि ट्रिटियमची अस्थिरता एवढ्याशा फरकावर उभी आहे. ९३१.५ ने गुणा: सुमारे १८.६ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट. हीच ट्रिटियमच्या बीटा कणांची, म्हणजे मोडताना बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची, कमाल ऊर्जा. प्रत्यक्षात अँटिन्यूट्रिनो आपला वाटा घेऊन जातो, त्यामुळे बीटा कणाच्या पदरी सरासरी ५.७ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच पडतात.

ही ऊर्जा इतकी कमी आहे की बाहेरून पडलेला बीटा कण त्वचेचा वरचा मृत थरसुद्धा ओलांडू शकत नाही. धोका असतो तो ट्रिटियम पोटात किंवा श्वासात गेलं तर, कारण ट्रिटियमयुक्त पाणी शरीराला साध्या पाण्यासारखंच वाटतं आणि ते सगळीकडे पसरतं.

अर्धायुकाल १२.३२ वर्षं. आज १ ग्रॅम असेल तर १२.३२ वर्षांनी अर्धा, २४.६४ वर्षांनी पाव. दर वर्षाला साधारण साडेपाच टक्के कमी होत जातं. घड्याळाच्या काट्यांवर किंवा आपत्कालीन दारावरच्या पाट्यांवर वीज नसताना चमकणाऱ्या ट्रिटियमच्या नळ्या असतात. त्या वर्षागणिक मंद का होत जातात, ते आता सांगायला नको. ट्रिटियम आणि हेलियम-३ या जोडीला काय म्हणायचं? अणुवस्तुमानांक दोघांचाही ३, अणुअंक वेगळे, म्हणून समभार. समस्थानिक आणि समभार यांतला फरक समजवायला याहून नेमकी जोडी मला तरी सापडलेली नाही.

हायड्रोजन-४ ते हायड्रोजन-७ ही केंद्रकंही प्रयोगशाळांत तयार झाली आहेत. ती इतक्या चटकन फुटतात की त्यांना अणू म्हणणंच अवघड. शालेय उत्तरात त्यांची गरज नाही.

पायरी ७: इलेक्ट्रॉनला पत्ता लागतो का?

थोडासा लागतो, आणि त्या ‘थोडासा’मुळेच ड्यूटेरियम सापडलं.

इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती आणि केंद्रक जागच्या जागी स्थिर, ही आपली सोय आहे. खरं तर दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड, म्हणून तो अगदी किंचित डुलतो. ड्यूटेरॉन दुप्पट जड, तो त्याहून निम्मा डुलतो. या फरकामुळे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या दहा हजारांत तीनपेक्षाही कमी भागाने सरकतात. हायड्रोजनची आयनन ऊर्जा १३.५९८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ड्यूटेरियमची १३.६०२. वर्णपटातली लाल रेषा हायड्रोजनची ६५६.२८ नॅनोमीटरला, ड्यूटेरियमची ६५६.१० ला, म्हणजे निळ्या बाजूला जराशी सरकलेली.

१९३१ साली अमेरिकेत हॅरॉल्ड युरी ही रेषा शोधत होते. नैसर्गिक हायड्रोजनमध्ये ती इतकी फिकट की खात्री होईना. मग फर्डिनंड ब्रिकवेडे यांनी द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडवून मागे उरलेल्या अंशात जड समस्थानिकाचं प्रमाण वाढवलं, आणि युरी व जॉर्ज मर्फी यांना ती रेषा गणिताने सांगितलेल्या जागी ठळक दिसली. युरींना १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातला काळाचा क्रम बघा: चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला तो १९३२ मध्ये. म्हणजे ड्यूटेरियम सापडलं तेव्हा त्यात नेमकं काय जास्तीचं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. केंद्रकात दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असावा, असा तेव्हाचा समज. ट्रिटियम १९३४ मध्ये केंब्रिजला रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांच्या प्रयोगात तयार झालं. ते किरणोत्सारी असल्याचं १९३९ मध्ये लुईस अल्वारेझ आणि रॉबर्ट कॉर्नोग यांनी दाखवलं.

पायरी ८: बंधापाशी फरक उघड होतो

सुरुवातीला म्हटलेला तडा तो हाच. दोन अणूंमधला रासायनिक बंध कधीच निश्चल नसतो, निरपेक्ष शून्य तापमानालाही तो कंप पावत राहतो. त्या किमान कंपनाची ऊर्जा म्हणजे शून्यबिंदू ऊर्जा. अणू जितका जड, तितकं कंपन संथ आणि ही ऊर्जा कमी. साध्या हायड्रोजन रेणूची कंपनवारंवारता सेकंदाला सुमारे १३२ लाख कोटी, ड्यूटेरियम रेणूची ९३ लाख कोटी. भागाकार करा, १.४१ च्या जवळ येतो. हे २ चं वर्गमूळ आहे, कारण वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते.

बंधाची लांबी आणि इलेक्ट्रॉनची मांडणी दोन्हीकडे जवळजवळ तीच. पण ड्यूटेरियमचा रेणू ऊर्जेच्या खड्ड्यात जरा खोल बसलेला, म्हणून त्याला तोडायला जास्त ऊर्जा लागते: हायड्रोजनला मोलमागे ४३६ किलोज्यूल, ड्यूटेरियमला ४४३. कार्बन-हायड्रोजन बंध तुटणं हीच ज्या क्रियेतली सगळ्यात संथ पायरी असते, तिथे हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातलं तर क्रिया सहा-सात पटींनीही मंदावू शकते. औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून रसायनतज्ज्ञ ही युक्ती वापरतात. ड्यूटेरियम घातलेल्या ड्यूटेट्राबेनाझिन या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

जड पाण्यात हाच फरक नजरेला दिसतो. ते ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०१.४ अंशांना उकळतं. सर्वाधिक घनता साध्या पाण्याची ४ अंशांना, जड पाण्याची ११.२ अंशांना. घनता साधारण ११ टक्क्यांनी जास्त. ‘हायड्रोजन दुप्पट जड, मग पाणी दुप्पट जड का नाही?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. रेणूभार १८ वरून २० झाला, ऑक्सिजन होता तेवढाच राहिला, म्हणून. जड पाण्याच्या बर्फाचा खडा साध्या पाण्यात टाकला तर तळाशी जातो.

समस्थानिकं वेगळी करण्याचा सगळा उद्योग बंधातल्या या बारीक फरकावर चालतो. पाण्याचं विद्युत अपघटन केलं की हलका हायड्रोजन आधी निघून जातो आणि मागे उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियम साठत जातं. गिल्बर्ट लुईस यांनी १९३३ मध्ये याच मार्गाने जवळजवळ शुद्ध जड पाणी मिळवलं. भारतातला पहिला जड पाणी प्रकल्प पंजाबात नांगलला १९६२ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे अलिबागजवळ थळला खत कारखान्याला जोडून जो जड पाणी प्रकल्प आहे, तिथे हायड्रोजन वायू आणि द्रवरूप अमोनिया यांच्यात ड्यूटेरियमची अदलाबदल घडवतात. ड्यूटेरियमचा ओढा अमोनियाकडे जास्त. एका फेरीत फरक थोडाच पडतो, म्हणून उंच मनोऱ्यांत ती क्रिया पुन्हा पुन्हा घडवावी लागते.

पायरी ९: केंद्रकाचा न्यूट्रॉनशी व्यवहार

हे सगळं जड पाणी लागतं कशाला? अणुभट्टीत विखंडनातून, म्हणजे युरेनियमचं केंद्रक फुटण्यातून, निघालेले वेगवान न्यूट्रॉन मंद करावे लागतात, तरच ते पुढचं विखंडन नीट घडवतात. मंद करायला साधं पाणी उत्तम, कारण प्रोटॉनचं वस्तुमान न्यूट्रॉनच्या जवळपास तेवढंच. पण प्रोटॉन अधूनमधून न्यूट्रॉन गिळून स्वतःच ड्यूटेरॉन होतो. ड्यूटेरॉनकडे एक न्यूट्रॉन आधीच असतो, आणि दुसरा गिळण्याची त्याची शक्यता प्रोटॉनच्या तुलनेत सुमारे ६०० पटींनी कमी. न्यूट्रॉनची अशी बचत झाल्यामुळे जड पाण्याच्या भट्टीत समृद्ध न केलेलं, म्हणजे जेमतेम ०.७ टक्के युरेनियम-२३५ असलेलं नैसर्गिक युरेनियम चालतं. तारापूरला दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत: १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावर, तिसरी आणि चौथी जड पाण्यावर. तुर्भ्याची ध्रुव भट्टीही जड पाण्याचीच.

तरीही क्वचित एखादा ड्यूटेरॉन न्यूट्रॉन गिळतोच, आणि त्याचं ट्रिटियम होतं. म्हणून ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं, भट्टीत वापरलेलं मात्र होतं.

उत्तर लिहिताना

‘हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या अणुरचनेतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला तर आधी साम्य लिहा: अणुअंक १, इलेक्ट्रॉन १, संरूपण तेच. मग न्यूट्रॉन ०, १, २ आणि अणुवस्तुमानांक १, २, ३. मग स्थैर्य: पहिली दोन स्थिर, तिसरं किरणोत्सारी, अर्धायुकाल १२.३२ वर्षं, त्यातून हेलियम-३. आकृतीत तिन्ही वर्तुळं सारखी. रासायनिक गुणधर्मांबद्दल ‘समान’ असं ठोकून देण्याऐवजी ‘क्रिया त्याच, पण वेग आणि भौतिक गुणधर्म वेगळे’ असं लिहा. परीक्षक गुण कापणार नाहीत, आणि विधानही बरोबर राहील.

स्वतःला तपासायला एक प्रश्न देतो. हायड्रोजनची तीन समस्थानिकं आणि ऑक्सिजनची तीन स्थिर समस्थानिकं (१६, १७, १८) धरली, तर पाण्याचे वेगवेगळे रेणू किती? हायड्रोजनच्या जोड्या सहा: तीन एकसारख्या, तीन मिश्र. प्रत्येक जोडीला ऑक्सिजनचे तीन पर्याय, म्हणून अठरा. त्यातला सगळ्यात हलका १८ रेणूभाराचा, सगळ्यात जड २४ चा. ट्रिटियम असलेले वगळून फक्त स्थिर रेणू मोजले, तर नऊ.